नोटिशीवरची तारीख

सुमनमावशींच्या मुगाच्या खिचडीला लंडनमधल्या हॅरोत नाव होतं. मूळच्या साताऱ्याच्या मावशी नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात नर्स होत्या. निवृत्तीनंतर थंडीचे महिने त्या बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात स्वयंपाकाला जाऊ लागल्या. या निवाऱ्यांना स्वतःची इमारत नसे. आज एका चर्चच्या सभागृहात गाद्या पडत, उद्या दुसऱ्या चर्चच्या. हॅरोत फर्म फाउंडेशन ही संस्था असा निवारा चालवत असे. संध्याकाळी टेबलं मांडायची, गरम जेवण वाढायचं, पाहुणे झोपले की दोघातिघांनी जागं राहायचं, सकाळी न्याहारी देऊन सभागृह झाडून मोकळं करायचं. पातेलं रिकामं झालं की मावशींना दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटे. त्यात गैर काहीच नव्हतं. उपाशी माणसापुढे ताट ठेवण्याचं काम कुणी कधी हलकं लेखू नये.

२०१७ च्या जानेवारीत एका रात्री पाहुण्यांत एक मराठी माणूस निघाला. साठीला टेकलेला, दाढी केलेली, कोटाची सगळी बटणं लावलेली. मावशींनी विचारलं, "कुठले तुम्ही?" तो "सांगली" एवढंच म्हणाला आणि त्याने मान ताटात घातली. अशा वेळी परक्यांनी पाहिलेलं एकवेळ चालतं, आपल्या माणसाने ओळखलेलं सोसत नाही. पुढे सगळे त्यांना अण्णा म्हणू लागले. त्यांची हकीकत मात्र तुकड्यातुकड्यांनीच कळत गेली.

अण्णा पूर्व लंडनमध्ये एका रेस्टॉरंटात आचारी होते. एका घरात भाड्याची खोली होती. मालकाने घर विकायला काढलं आणि दोन महिन्यांची नोटीस दिली. इंग्लंडमध्ये तेव्हा १९८८ च्या हाउसिंग ॲक्टमधल्या कलम २१ खाली कारण न देता भाडेकरूला जायला सांगता येत असे. अण्णा तो कागद घेऊन तिथल्या कौन्सिलमध्ये गेले. एकटा पुरुष, पदरात मूल नाही, मोठं आजारपण नाही, त्यामुळे तुमचा नंबर लागणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. हातात एक माहितीपत्रक देऊन त्यांची बोळवण झाली.

"मग?" मावशींनी विचारलं.

"मग काय? कागदावर तारीख होती. त्या सकाळी खोली झाडली, भांडी घासली, किल्ली ओट्यावर ठेवली आणि निघालो. तारीख उलटल्यावर दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे चोरीच की."

अण्णांना कुणी सांगितलंच नव्हतं की नोटिशीवरची तारीख ही घर सोडण्याची तारीख नसते. तोवर भाडेकरू गेला नाही तर मालकाने कोर्टात जायचं असतं. कोर्टाने हुकूम दिला तरी माणसाला बाहेर काढायचा अधिकार बेलिफलाच असतो. यात आणखी कितीतरी आठवडे जातात. तेवढ्या काळात नोकरी करणाऱ्या माणसाला दुसरी खोली शोधता येते. अण्णांनी हे आठवडे सचोटीपायी आपल्या हाताने सोडून दिले.

पुढची वाट बहुतेकांची असते तीच. हॅरोतल्या एका मित्राकडे आठ दिवस सोफ्यावर, दुसऱ्याकडे पाच. संसारी मित्राच्या बायकोच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते अण्णांना तिसऱ्याच दिवशी कळायचं. कपडे चुरगळलेले, झोप अर्धवट, त्यात नोकरी गेली. अखेर उरली ती १४० नंबरची बस. हॅरो वील्डहून हीथ्रो विमानतळाला जाणारी ही बस तेव्हा रात्रभर धावायची. वरच्या मजल्यावर मागच्या बाकावर बसायचं, पिशवीचा बंद पायाला गुंडाळायचा, हीथ्रोला उतरून प्रवाशांच्या गर्दीत तासभर बसायचं आणि त्याच बसने परत फिरायचं.

एका रात्री भांडी विसळताना अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. "मावशी, तुम्ही वाढता ते मी जन्मात विसरणार नाही. पण एक विचारू का? माझ्या हातात तो कागद आला तेव्हा मला गादी नको होती, खिचडी नको होती. कागद वाचून दाखवणारं एक माणूस हवं होतं. त्या दिवशी कुणीच कसं नव्हतं?"

मावशींना उत्तर सुचलं नाही. घरी जाताना मात्र त्यांना वॉर्डातले दिवस आठवले. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलली तर पाठीला जखम सहसा होत नाही. एकदा झाली की मग महिनोन् महिने ड्रेसिंग करत बसावं लागतं. कूस बदलण्याला दोन मिनिटं लागतात आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही.

अण्णांनी विचारलं तेच नेमकं त्या हिवाळ्यात ब्रिटनच्या संसदेसमोर होतं, आणि तेही हॅरोतूनच गेलेलं. हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांचं नाव खाजगी विधेयकांच्या सोडतीत निघालं होतं. त्यांनी बेघरपणा रोखण्याचा विषय घेतला. मागे बळ होतं 'क्रायसिस' या संस्थेचं. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं नाव लोकांना ठाऊक आहे ते नाताळातल्या तिच्या निवाऱ्यांमुळे. पण तिने त्याआधी एक शहाणपणाचं काम केलं होतं. स्वतः बेघरपण भोगलेल्या आठ जणांना तिने अर्जदार म्हणून १६ कौन्सिलांत पाठवलं. त्यांनी मिळून ८७ भेटी दिल्या. त्यातल्या ५० भेटींत मिळालेली मदत अपुरी होती, आणि त्या ५० पैकी २९ वेळा तर त्यांना काहीच मदत न देता परत पाठवण्यात आलं. २०१४ साली हे छापून आलं, आणि अण्णांसारख्यांचं गाऱ्हाणं एकट्यादुकट्याचं उरलं नाही. पुराव्यानिशी दारात उभ्या राहिलेल्या संस्थेला सरकारला टाळता येत नाही.

असा दबाव आणून कायदा बदलून घेण्याची त्या देशाला जुनी सवय आहे. १६ नोव्हेंबर १९६६ ला बीबीसीने केन लोचचं 'कॅथी कम होम' हे नाट्य दाखवलं. एका साध्या कुटुंबाचं घर जातं आणि शेवटी आईच्या हातून मुलंही हिरावली जातात, ही त्याची गोष्ट. लोक हादरले. दोन आठवड्यांनी, १ डिसेंबरला, 'शेल्टर' ही संस्था उभी राहिली. ११ वर्षांनी, १९७७ मध्ये, बेघरांना घर देण्याची जबाबदारी कौन्सिलांवर टाकणारा कायदा झाला. त्यात मुलंबाळं, गरोदर बाया, आजारी आणि म्हातारी माणसं आली. धडधाकट एकटा माणूस बाहेरच राहिला आणि पुढची ४० वर्षं तो तसाच बाहेर होता.

ब्लॅकमन यांच्या विधेयकाचा २७ एप्रिल २०१७ रोजी कायदा झाला आणि ३ एप्रिल २०१८ पासून तो अमलात आला. पूर्वी घर जायला २८ दिवस उरले की कौन्सिल तुम्हाला 'धोक्यात' धरायची. आता ५६ दिवस आधीच धरावं लागतं, आणि हातात कलम २१ ची कायदेशीर नोटीस असली तर तेव्हा ती पुरावा म्हणून पुरत असे. माणूस एकटा असो की कुटुंबवाला, देशात राहण्याचा त्याचा दर्जा नियमात बसत असेल तर त्याचं घर वाचवायचा किंवा त्याला दुसरं मिळवून द्यायचा प्रयत्न करणं कौन्सिलला भाग आहे. त्याच्याशी बोलून त्याचा लेखी आराखडा करून द्यावा लागतो.

मावशींनी त्याच वर्षी एका सल्लाकेंद्रात प्रशिक्षण घेतलं. दर गुरुवारी त्या टेबल मांडून बसू लागल्या. सामाजिक संस्थेच्या मदतीने वील्डस्टोनमध्ये खोली मिळालेले अण्णा आता त्यांच्या शेजारी असत. लोक कागद घेऊन येत. मावशी कायदा सांगत आणि अण्णा एकच वाक्य सांगत, "तारीख आली म्हणून किल्ली देऊन निघू नका."

ओळखीच्या मंडळींना हे फारसं रुचलं नाही. "मावशी, तुमच्या खिचडीची सर कुणाला नाही. तिथे कागद चिवडत काय बसलात?" असं एकीने तोंडावर म्हटलं. निवाऱ्यात वाढतानाचा फोटो निघतो. गॅस तपासणीचा दाखला मालकाने दिला का, हे विचारतानाचा फोटो कुणी काढत नाही. मराठी मंडळींत, आणि गुजराती शेजाऱ्यांतही, देण्याची वृत्ती भरपूर आहे. पण हातात कागद धरलेला माणूस अजून आपल्यासारखाच दिसतो. इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जातो, दिवाळीच्या फराळाला येतो. त्याला मदतीची गरज आहे हे डोळ्याला दिसत नाही.

२०१८ च्या दिवाळी पाडव्याला गुरुवार होता. त्या दिवशी विलास आला. पन्नाशीचा, मूळ इचलकरंजीचा, पार्क रॉयलमधल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीला माल भरणारा. कायमच्या वास्तव्याचा परवाना होता, पण संसार मोडलेला. आठवड्याला किती तास काम मिळेल याची शाश्वती नाही. घरभाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत २०१६ पासून जागच्या जागी गोठवलेली, आणि भाडी दर वर्षी वर चढत होती. त्याने मिठाईच्या डब्याबरोबर एक घडी घातलेला कागद पुढे ठेवला. मावशींनी उलगडला आणि खालची सही पाहिली. सही नानांची होती.

नानांना हॅरोत कोण ओळखत नाही! सत्तरच्या दशकात पुण्याहून आलेले, वील्डस्टोनच्या कोडॅक कारखान्यात वर्षानुवर्षं राबलेले. १८९१ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ अखेर बंद पडला तेव्हा नाना फाटकापाशी जाऊन रडले होते. पैपैका जोडून त्यांनी तीन घरं घेतली आणि भाड्याने दिली. गणपतीची वर्गणी पहिली त्यांची असे.

"डिपॉझिट किती दिलं होतंत?" मावशींनी विचारलं.

"सहाशे पौंड. रोख."

"पावती? योजनेत भरल्याचं पत्र?"

"नानांकडे कसली पावती मागायची? सात वर्षं त्यांनी मला पोरासारखं ठेवलं. त्यांना काही बोलू नका, मावशी. मी निघतो तारखेला."

अण्णा इतका वेळ गप्प होते. ते खुर्ची ओढून विलाससमोर बसले. "मीही असाच निघालो होतो," म्हणाले आणि त्यांनी १४० नंबरच्या बसची सगळी हकीकत सांगितली. पायाला गुंडाळलेल्या पिशवीच्या बंदापर्यंत सगळी. विलास ऐकत राहिला. जाताना तो म्हणाला, "नानांशी बोला. पण त्यांचा मान ठेवून."

शनिवारी फराळाचा कार्यक्रम होता. नाना माइकपाशी आले आणि त्यांनी जाहीर केलं की यंदा ते बेघरांना शंभर दुलया देणार. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत चिवड्याची बशी घेऊन विलासही बसला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

रविवारी मावशी पिनरला नानांच्या घरी गेल्या. काकूंनी चकल्या पुढे केल्या. नानांना वाटलं, दुलयांबद्दल बोलायला आल्या. मावशींनी विलासचा कागद टेबलावर ठेवला.

"हो, एजंटने आणून दिला, मी सही केली," नाना म्हणाले. "आता जिने चढवत नाहीत. घर विकून टाकायचंय. माझं घर विकायची मला चोरी आहे का?"

"मुळीच नाही. तुमचं घर, तुम्ही विका. फक्त ही नोटीस लागू होत नाही, नाना. घेतलेलं डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत भरलेलं नसलं, तर ते परत केल्याशिवाय कलम २१ ची नोटीस देता येत नाही. विलास कोर्टात गेला तर रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड बसू शकतो."

"म्हणजे धमकी द्यायला आलीस?"

"तो कोर्टात जाणार नाही. तो तारखेला किल्ली ठेवून निघून जाणार आहे. म्हणून मी आले."

नाना उठून खिडकीपाशी गेले. "मी दुलया देतोय ना? गाडगेबाबांनी बेघरांना आसरा द्या म्हणून सांगितलं. कायद्याची कलमं वाचा म्हणून नाही सांगितलं!"

मावशींचा आवाज चढला नाही. "माझ्या मेव्हण्यांना टाटा हॉस्पिटलात दाखवायला आणलं तेव्हा आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतच उतरलो होतो. ते छप्पर नसतं तर आम्ही फुटपाथवर असतो. बाबांचं ऋण मला कोण सांगणार? पण नाना, बाबा गावात पाऊल टाकलं की आधी काय करायचे? हातात खराटा घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. घाण तशीच ठेवून औषधं वाटत बसायची, असं त्यांनी केलं नाही."

इतका वेळ चकलीचा डबा धरून उभ्या असलेल्या काकू मग बोलल्या. "विलासला बाहेर काढायचं आणि डिसेंबरात चर्चच्या जमिनीवर तो निजला की त्याच्याच अंगावर आपली दुलई घालायची. असंच होणार ना हो?"

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कपाटातून जुनी वही काढली. २०११ च्या पानावर विलासच्या नावापुढे सहाशे पौंडांची नोंद होती. "मला वाटायचं, रक्कम माझ्या कपाटात आहे म्हणजे सुरक्षित आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विलासला सहाशे पौंड परत दिले. गॅसचा दाखला, घराच्या ऊर्जावापराचा दाखला, भाडेकरूला द्यायची सरकारी पुस्तिका असे सगळे कागद पुरे करून नवी नोटीस दिली ती फेब्रुवारी अखेरची. त्यांनी घराच्या गिऱ्हाइकालाही सांगितलं, थांबायचं तर थांबा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मावशी विलासला घेऊन स्टेशन रोडवरच्या कौन्सिलच्या कचेरीत गेल्या. ५६ दिवस मोजून. समोरच्या मुलीने कागद पाहिले, विलासचे रात्रपाळीचे तास विचारले आणि आराखडा टाइप करून दिला.

खोली लगेच मिळाली नाही. जाहिरातींत 'नो डीएसएस' लिहिलेलं असे, म्हणजे सरकारी मदत घेणारा भाडेकरू नको. शेल्टरच्या पाठबळाने लढलेल्या एका खटल्यात, जुलै २०२० मध्ये, ही अट बेकायदा ठरली. विलासच्या वेळी मात्र ती उघड छापली जायची. पाच-सहा ठिकाणी नकार पचवल्यावर रेनर्स लेनला एक खोली जमली. डिपॉझिट कौन्सिलने भरलं. खोली लहान, भाडं जास्त आणि कामाला जायला दोन बसगाड्या. पण विलास एकही रात्र रस्त्यावर निजला नाही, त्याची नोकरी टिकली, आणि त्याला बेघर झालेलं कुणी पाहिलं नाही, कारण तो झालाच नाही.

शंभर दुलयांतल्या चाळीस नानांनी निवाऱ्याला दिल्या, कारण थंडी काही कायदा वाचून येत नाही. उरलेले पैसे मावशींच्या सांगण्यावरून वेगळे ठेवले. व्हिसावर शिकायला किंवा कामाला आलेल्या आपल्या मुलामुलींच्या परवान्यावर सरकारी निधीचा आधार मिळणार नाही अशी अट असते. घर गेलं तर त्यांना घरभाड्याची सरकारी मदत मागता येत नाही आणि हा नवा कायदाही त्यांना उपयोगी पडत नाही. पुण्या-नाशिकहून आलेल्या एखाद्या पोराची नोकरी अचानक गेली, तर महिना-दोन महिन्यांचं भाडं त्याच्या वतीने कोण भरणार? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, माणसं आहेत, आपुलकी आहे. जिथे कायदा पोचत नाही तिथे आधी पोचायचं काम अशा मंडळांचं आणि आपलंच आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. भाड्याचा एक हप्ता वेळेवर भरला गेला तर त्या पोराला पुढे निवाऱ्यात झोपावं लागणार नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी नाना सल्लाकेंद्राच्या रांगेत उभे दिसले. काखेत जाडजूड फाइल. त्यांचा नंबर आला तेव्हा अण्णांनीच खुर्ची पुढे सरकवली.

"उरलेल्या दोन घरांचे कागद आणलेत," नाना म्हणाले. "डिपॉझिटं तशीच कपाटात आहेत. काय काय राहिलंय ते बघून देशील?"

"देते की," मावशी चष्मा लावत म्हणाल्या. "पण पुढच्या गुरुवारी या. आणि येताना दोन्ही घरच्या भाडेकरूंना घेऊन या. त्यांच्यासमोर वाचूया."